गड्याची पारख



आपल्या कुटुंबांपैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आज समुद्रापलीकडे आहेत. तिकडील नवनवे प्रश्न पत्रांतून नि फोनवरून घरी येतात आणि घरातून पुष्कळदा आमच्यापर्यंत पोहोचतात. असाच एक प्रश्न अलीकडे आला आहे. अमेरिकेत वाढलेला एक मुलगा तेथील एका कॉलेजच्या फुटबॉल संघात आहे. अंगाने दांडगा आहे, आणि ‘डिफेन्सिव्ह लाइनमन’ ह्या जागेवर खेळतो. पुढे त्यास एखादा धंदेवाईक संघ घेईल काय, आणि घेणारे लोक हे ठरवितात तरी कसे, असे त्याच्या इकडील आजोबांनी विचारले आहे. मुलास आम्ही ओळखत नाही, त्याचा खेळ आम्ही पाहिलेला नाही. तेव्हा त्याचे भविष्य वर्तविण्याचा आव आम्ही आणणार नाही. परंतु तिकडे ही पारख कशी होते आणि ती कोठे फसते, ह्याविषयी जे आम्हांस ठाऊक आहे ते आजोबांसाठी आणि इतर वाचकांसाठीही येथे मांडीत आहोत.

प्रथम खेळाविषयी. सेमिनरीच्या मैदानावर आम्ही जो फुटबॉल खेळलो त्याच्याशी ह्या खेळाचे नावाखेरीज फारसे नाते नाही. येथे चेंडू लांबट असतो, तो हातांत धरून पळावयाचा किंवा फेकावयाचा असतो. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी. मैदान 100 यार्डांचे. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले पाहिजे. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याचा. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी दोन फळ्या अगदी समोरासमोर, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ, वाकून उभ्या राहतात. चढाई करणाऱ्यांच्या फळीत मधला गडी पायांमधून चेंडू मागे देतो. मागे उभा असलेला ‘क्वार्टरबॅक’ तो घेतो आणि कोणाच्या हातात देतो वा दूर फेकतो. बचावाच्या बाजूने ह्या फळीच्या अगदी तोंडाशी जे तीन किंवा चार धिप्पाड गडी उभे असतात ते डिफेन्सिव्ह लाइनमन. चेंडू घेऊन पळणाऱ्यास वाट मिळू द्यावयाची नाही, आणि फेकणाऱ्यास फेकण्याइतकी उसंत मिळू द्यावयाची नाही, ही त्यांची दोन कामे. फेक होण्यापूर्वीच क्वार्टरबॅकला मागच्या मागे लोळविले तर त्यास ‘सॅक’ म्हणतात. दोघांनी मिळून लोळविले तर प्रत्येकाच्या नावावर अर्धा सॅक मांडतात, म्हणून त्यांच्या हिशेबांत साडे-चे आकडे फार येतात.

कुस्ती आणि कबड्डी दोन्ही ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस हे काम समजण्यास वेळ लागू नये. फरक इतकाच की कुस्तीत मल्लास अंदाज घ्यावयास, खडाखडी करावयास सवड असते. येथे एकेक झुंज चार-पाच सेकंदांत संपते, मग अर्ध्या मिनिटाची विश्रांती, की पुन्हा तीच झुंज. एका सामन्यात असे कित्येक वेळा. समोरचा गडी दीडशे किलोंच्या घरातला, आणि पुष्कळदा एकाच्या अंगावर दोघे.

ह्या लाइनमनांतही दोन वेगळ्या जाती आहेत, आणि पारख करणाऱ्याचा पहिला प्रश्न मुलगा कोणत्या जातीचा आहे हाच असतो. फळीच्या टोकास उभा राहणारा ‘एंड’. तो बाहेरून वळसा घालून फेकणाऱ्यावर झडप घालतो, त्यास वेग आणि लांब हात हवेत. मध्यभागी उभा राहणारा ‘टॅकल’. ह्या टॅकलांतही एक असा असतो की त्याने दोघा विरोधकांस अंगावर घेऊन जागचे हलावयाचे नाही, म्हणजे मागचे सोबती मोकळे राहतात. आणि दुसरा असा की दोघांमधील फटीतून विजेसारखा आत घुसावयाचा. पहिल्यास दुसऱ्याच्या मापाने मोजणे म्हणजे नांगराच्या बैलास शर्यतीच्या गाडीला जुंपून नावे ठेवण्यासारखे आहे. तरीही हे होते, वारंवार होते.

होण्याचे कारण असे. कॉलेजातील खेळाडूंना धंदेवाईक संघांत वाटून घेण्याची ‘ड्राफ्ट’ नावाची पद्धत नॅशनल फुटबॉल लीगने 1936 मध्ये सुरू केली. संघ पाळीपाळीने एकेक नाव पुकारतात. आदल्या हंगामात जो दुबळा ठरला त्याची पाळी आधी. आता 32 संघ आणि सात फेऱ्या असून दर एप्रिल महिन्यात सुमारे अडीचशे नावे पुकारली जातात. त्यापूर्वी, 1987 पासून, इंडियानापोलिस शहरात ‘कंबाइन’ नावाची एक मोठी परीक्षा घेतली जाते. तेथे तीनशेच्या वर तरुण बोलावितात. उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी मोजतात. 40 यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर, घड्याळ लावून पळवितात. 225 पौंडांचे, म्हणजे 102 किलोंचे, वजन पाठीवर निजून किती वेळा उचलतो ते मोजतात. जागच्या जागी किती उंच उडी मारतो, खुणांभोवती किती चपळाईने वळतो, तेही पाहतात. सगळे आकड्यांत उतरते, आणि आकडा हातात आला की माणसास वाटते आपणांस ज्ञान झाले.

वास्तविक हे आकडे निरर्थक नाहीत. 2022 मध्ये जॉर्जिया विद्यापीठाचा जॉर्डन डेव्हिस हा 341 पौंडांचा, म्हणजे सुमारे 155 किलोंचा, मल्ल ते 40 यार्ड 4.78 सेकंदांत पळाला, तेव्हा भल्याभल्यांनी तोंडात बोटे घातली. एवढे ओझे एवढ्या वेगाने हलू शकते ही खचितच महत्त्वाची बातमी होती. परंतु आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही हे कळले पाहिजे. लाइनमन सामन्यात सरळ रेषेत 40 यार्ड पळतो असे क्वचितच घडते. त्याचे भांडण पहिल्या दोन-तीन पावलांत निकालात निघते. म्हणून जाणते पारखी त्या धावेतील पहिल्या दहा यार्डांचेच घड्याळ वेगळे पाहतात. वजन उचलण्याचेही तसेच. ज्याचे हात लांब त्यास दर खेपेस वजन जास्त अंतर ढकलावे लागते, म्हणून त्याची संख्या कमी भरते. आणि मैदानावर तेच लांब हात त्याच्या उपयोगी पडतात!

आकड्यांच्या मोहाची जी गोष्ट तिकडे घरोघरी सांगतात ती 1995 सालची. येशूसंघीयांच्या बोस्टन कॉलेजचा माइक मामुला हा एंड त्या परीक्षेची खास तयारी करून आला होता. इतर मुले खेळाची तालीम करीत होती, ह्याने त्या विशिष्ट कसोट्यांचीच तालीम केली होती. 40 यार्ड 4.58 सेकंदांत, उभी उडी साडेअडतीस इंच, आणि तेव्हा घेतल्या जाणाऱ्या पन्नास गुणांच्या बुद्धीच्या चाचणीत 49 गुण मिळाल्याचे वृत्तपत्रांत आले. फिलाडेल्फियाच्या संघाने टँपा बे संघाशी अदलाबदल करून बाराव्या जागेवरून सातवी जागा मिळविली आणि त्यास घेतले. ती बारावी जागा टँपा बेकडे गेली. त्यांनी तीवर मायामी विद्यापीठाचा वॉरन सॅप हा टॅकल घेतला. सॅपचा खेळ सर्वांनी पाहिला होता, पण ड्राफ्टच्या ऐन तोंडावर त्याच्या मादक पदार्थांच्या चाचण्यांविषयी बातम्या आल्या आणि त्याचे नाव घसरले. पुढे सॅपने तेरा हंगामांत साडेशहाण्णव सॅक केले व 2013 मध्ये त्यास ‘हॉल ऑफ फेम’ ह्या मानाच्या दालनात जागा मिळाली. मामुलाचे पाच हंगामांत साडेएकतीस.

येथे मामुलाविषयी एक शब्द बोलणे न्यायाचे होईल. साडेएकतीस सॅक म्हणजे काही नालायकी नव्हे. कित्येकांना जन्मात दहाही साधत नाहीत. त्याने कोणास फसविले नाही. परीक्षेत जे विचारले त्याचा अभ्यास केला, एवढाच त्याचा अपराध. दोष असेल तर तो परीक्षेलाच खेळ समजणाऱ्यांचा. आपल्याकडेही मॅट्रिकच्या गुणांवरून मुलाची सारी लायकी ठरविणारे पालक थोडे नाहीत, असो.

मग पारख खरोखर कशी करावी? ज्यांनी ह्या कामात केस पिकविले त्यांचे एकमत आहे की सामन्यांच्या चित्रफिती पाहाव्या, आणि निवडक पराक्रमांच्या नव्हे, तर पुऱ्या सामन्याच्या, पहिल्या खेळीपासून शेवटच्या खेळीपर्यंत. त्यांत पहिले पाहावयाचे ते सुरुवातीचे पाऊल. चेंडू हलला की गडी हलतो काय? क्वार्टरबॅक मुद्दाम आवाज बदलून, थांबून, हुलकावणी देत असतो. जो कानांवर विसंबतो तो फसतो आणि वेळेआधी रेषा ओलांडल्याबद्दल त्याच्या संघास पाच यार्डांचा दंड होतो. ज्याची नजर चेंडूवर खिळलेली, तो चेंडूबरोबरच सुटतो. समोरचा गडी सावरण्यापूर्वी ह्याचे दुसरे पाऊल पडलेले असते.

दुसरी गोष्ट, खाली राहणे. आपल्याकडचा कोणताही वस्ताद हे सांगेल की जो खाली शिरला त्याच्या हाती समोरच्याचा तोल आला. लाइनमन उठताना सरळ ताठ उभा राहिला की त्याची छाती उघडी पडते, आणि मग तो कितीही बलवान असो, समोरचा त्यास मागे रेटीत नेतो. गुडघे नि कंबर वाकवून, पाठ सपाट ठेवून जो शिरतो, त्याच्यापुढे अधिक वजनाचाही हलतो. उंचपुऱ्या मुलांना हे कठीण जाते, त्यांना अधिक वाकावे लागते. बुटक्यांस निसर्गानेच ते अर्धे देऊन ठेवलेले असते.

तिसरी गोष्ट हातांची, आणि आमच्या मते सर्वांत मोठी. दोघे भिडले की ज्याचे पंजे प्रथम दुसऱ्याच्या छातीवर बसले तो राजा. म्हणून तर हाताच्या लांबीची एवढी चौकशी. पण लांब हात असणे वेगळे आणि ते वेळेवर, योग्य जागी लावता येणे वेगळे. पहिला डाव समोरच्याने अडविला तर पुढे काय? कॉलेजातील पुष्कळ मुले येथेच थांबतात. त्यांच्याजवळ एकच डाव असतो, नुसती मुसंडी. गावच्या जत्रेत अंगच्या बळावर नारळ जिंकणाऱ्या पोरास कोल्हापूरच्या खासबागेत उतरविले की काय होते ते आजोबांस सांगावयास नको. तेथे सगळेच बलवान असतात; बळ बळाशी कटले की उरतो तो डाव आणि प्रतिडाव. म्हणून पारखी विचारतात, पहिला डाव फसल्यावर ह्याच्या हातांस दुसरा सुचतो काय? लहानपणी कुस्ती खेळलेल्या लाइनमनांकडे तिकडचे प्रशिक्षक आवडीने पाहतात, ते ह्याच कारणाने.

आणि शेवटचे प्रहर. सामन्याचे चार भाग असतात. चौथ्या भागात, धाप लागली असताना, चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकास गेला असताना हा गडी त्याच्यामागे धावतो काय, की कमरेवर हात ठेवून पाहत उभा राहतो? ह्या एका प्रश्नास घड्याळ उत्तर देऊ शकत नाही.

सॅकच्या आकड्यांविषयीही सावध असावे. समोर दुबळा विरोधक असता मिळालेले तीन सॅक, किंवा फेकणाऱ्याने चेंडू फार वेळ हातात ठेवल्यामुळे आयते मिळालेले, ह्यांची किंमत थोडी. उलट मधला जो गडी सामनाभर दोघांस अडकवून ठेवतो त्याच्या खात्यावर काहीच जमा होत नाही, नाव होते मागून मोकळ्या सुटलेल्या सोबत्याचे. अशा गड्याची पारख त्याच्या आकड्यांत नसते. तो नसताना संघाचे काय होते, त्यावरून ती करावी लागते.

आता ज्याच्या बाबतीत माप आणि खेळ ह्यांचे सरळ भांडण झाले असा एक सांगतो. ॲरन डोनल्ड हा पिट्सबर्ग शहराचा मुलगा, त्याच शहराच्या विद्यापीठात खेळलेला. घराच्या तळघरात वडिलांनी व्यायामशाळा उभारली होती आणि बारा वर्षांच्या पोराला ते शाळेपूर्वी पहाटे साडेचारला उठवून तेथे नेत, हे त्या कुटुंबानेच सांगितलेले आहे. 2013 च्या हंगामात त्याने विरोधकांस साडेअठ्ठावीस वेळा त्यांच्याच हद्दीत मागे लोळविले आणि कॉलेजच्या बचावपटूंस मिळणारी मोठमोठी चार पारितोषिके एकाच वर्षी मिळविली. तरीही कुरकुर होतीच. उंची जेमतेम सहा फूट एक इंच, वजन 285 पौंड, हात 33 इंचांहून थोडे कमीच. मध्ये खेळणाऱ्यास हे पुरे पडेल काय? 2014 च्या आरंभी मोबील गावी होणाऱ्या निवडक खेळाडूंच्या सरावात एकास एक अशा झुंजींत त्याच्यापुढे कोणी टिकेना; कंबाइनमध्ये तो 40 यार्ड 4.68 सेकंदांत पळाला आणि ते 225 पौंड त्याने 35 वेळा उचलले. म्हणजे मापे सोडल्यास सर्व काही त्याच्या बाजूने होते. तथापि बारा नावे पुकारून झाल्यावर, तेराव्या पाळीस, सेंट लुइसच्या रॅम्स संघाने त्यास घेतले.

पुढे दहा वर्षे तो खेळला. वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू हा मान त्यास 2017, 2018 आणि 2020 असा तीनदा मिळाला. 2018 मध्ये एका हंगामात साडेवीस सॅक, एकंदर कारकिर्दीत 111. फेब्रुवारी 2022 मधील अजिंक्यपदाच्या सामन्यात रॅम्स 23-20 असे पुढे होते आणि सिनसिनाटी संघाचा शेवटचा प्रयत्न उरला होता, तेव्हा फळी फोडून क्वार्टरबॅकला धरून फिरविणारा हाच, आणि ती फेक वाया गेली. मार्च 2024 मध्ये तो निवृत्त झाला. त्या बारा पाळ्यांत ज्यांनी दुसऱ्यांची नावे पुकारली त्या सर्वांनाच आम्ही मूर्ख म्हणणार नाही. त्यांतील काही नावेही उत्तम निघाली. पण ‘ह्याचे हात आखूड’ असे ज्यांनी लिहून ठेवले होते त्यांनी ते हात काय करीत होते हे डोळे उघडून पाहिले असते तर बरे झाले असते.

जॉन रँडलची गोष्ट तर ह्याहून नवल. टेक्सासमधील एका गरीब घरचा हा मुलगा, लहानशा कॉलेजात खेळलेला. 1990 च्या ड्राफ्टमध्ये बारा फेऱ्या झाल्या, तीनशेहून अधिक नावे पुकारली गेली. त्यांत रँडल नव्हता. कारण एकच, वजन कमी. मिनेसोटाच्या संघाने त्यास पाहावयास बोलाविले, तेव्हा वजन भरावे म्हणून तो कपड्यांखाली साखळी बांधून काट्यावर उभा राहिला, अशी हकीकत त्याची स्वतःची आहे. लबाडी ती लबाडीच, तिची आम्ही भलावण करीत नाही. पण काट्यालाच देव मानणाऱ्यांना हा नैवेद्य शोभून दिसला एवढे म्हणतो. पुढे त्याच्या नावावर साडेएकशेसदतीस सॅक लागले आणि 2010 मध्ये हॉल ऑफ फेम.

वजनावरूनच ॲलन पेज ह्यांची आठवण होते. कॅथलिक वाचकांस त्यांची शाळा आणि त्यांचे विद्यापीठ दोन्ही जवळची वाटतील. कॅन्टन गावचे सेंट्रल कॅथलिक हायस्कूल आणि पुढे होली क्रॉस धर्मसंघाचे नोत्र दाम विद्यापीठ. 1967 मध्ये मिनेसोटाच्या संघाने त्यांस पंधराव्या पाळीस घेतले. 1971 मध्ये ते साऱ्या लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. हा मान मिळविणारे ते पहिले बचावपटू. पुढे त्यांस लांब पल्ल्याच्या धावण्याचा छंद लागला आणि वजन उतरत गेले. लाइनमन एवढा हलका कसा चालेल, म्हणून 1978 मध्ये मिनेसोटाने त्यांस सोडून दिले. ते शिकागोच्या संघात गेले आणि 1981 पर्यंत खेळले. ज्या 1978 मध्ये संघाने सोडले त्याच 1978 मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली, खेळत असतानाच शिकून. 1993 पासून 2015 पर्यंत ते मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. ह्या माणसाचे पुढे काय होणार ते 1967 च्या कोणत्या पारख्याच्या वहीत लिहिले असेल?

परंतु ह्या तीन गोष्टी वाचून कोणी असे समजू नये की लहान अंगाची, नाकारलेली सारी मुले पुढे चमकतात. रँडलसारखा एक, तर न चमकलेले हजार. त्यांच्या गोष्टी कोणी लिहीत नाही. आणि ज्यांच्या बाबतीत पारख अचूक असूनही व्यर्थ गेली असेही आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठाचा स्टीव्ह एम्टमन 1992 मध्ये सर्वांत पहिल्या पाळीस घेतला गेला. त्याच्या गुणांविषयी दुमत नव्हते. गुडघ्यांनी दगा दिला. त्या संघातील तीन हंगामांत मिळून त्याचे वीस सामनेही झाले नाहीत. म्हणून कंबाइनमध्ये घड्याळापेक्षा डॉक्टरांच्या खोलीस महत्त्व अधिक, असे तेथे जाणारे म्हणतात. यूटाचा स्टार लोटुलेलेई ह्याच्या हृदयात 2013 मध्ये तेथेच काही कमी-जास्त आढळले. पुढील तपासण्यांत हृदय ठीक निघाले आणि तो चौदाव्या पाळीस घेतला गेला. 2018 मध्ये मिशिगनच्या मॉरिस हर्स्टच्या हृदयाविषयी अशीच शंका निघाली. डॉक्टरांनी पुढे खेळण्यास मोकळीक दिली, तरी पहिल्या फेरीच्या योग्यतेचा म्हणून गाजलेला तो मुलगा पाचव्या फेरीपर्यंत घसरला. अशा शंकेने पैसा जातो हे खरे. पण मैदानावर कोसळण्यापेक्षा डॉक्टरांच्या खोलीत शंका निघालेली बरी, हे आईबापांस निराळे सांगावयास नको.

ह्या कंबाइनविषयी आमचे मन पूर्ण स्वच्छ नाही, हेही सांगून टाकतो. अर्ध्या कपड्यांतील तरुण रांगेने काट्यावर चढतात, श्रीमंत संघांची माणसे वह्या घेऊन त्यांचे हात-पाय मोजतात. आपल्या बैलबाजारात दात नि खूर पाहून सौदा होतो तो बैलाचा. ह्या तरुणांत मोठी संख्या कृष्णवर्णीयांची असते, आणि ज्या देशात त्यांच्या पूर्वजांचा असाच बाजार भरत होता तेथील काही विचारी लोकांनीच ह्या देखाव्यास त्या बाजाराची उपमा दिली आहे. तरुण तेथे आपल्या इच्छेने जातात, त्यांना मोबदलाही मोठा मिळतो, हे कबूल; दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरीपण देवाच्या प्रतिमेत घडलेल्या जिवाकडे पाहताना नजरेस काही मर्यादा असावी असे आम्हांस वाटते.

आता आजोबांच्या कामाचे. कॉलेजच्या फुटबॉलची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेचाच हिशेब आहे की ड्राफ्टला पात्र होणाऱ्या शंभर कॉलेज-खेळाडूंतून दोघेही धंदेवाईक संघात पोहोचत नाहीत. नाव पुकारले म्हणजे नोकरी लागली असेही नव्हे. उन्हाळी सरावास संघात नव्वद गडी असतात, हंगामास त्रेपन्न उरतात, बाकीच्यांस निरोप. 2025 मध्ये नवोदितासाठी किमान वार्षिक वेतन 8 लाख 40 हजार डॉलर होते, पण ते त्या त्रेपन्नांत टिकणाऱ्यास. आणि टिकणे किती? खेळाडूंच्या संघटनेच्या सांगण्याप्रमाणे सरासरी कारकीर्द तीन वर्षांहून थोडी अधिक. सरासरी म्हटली की डोनल्डची दहा वर्षेही तिच्यात आली. ती वजा करा, म्हणजे बाकीच्यांच्या वाट्यास काय राहते ते दिसेल.

डोक्याचीही गोष्ट आहे. लाइनमनांच्या डोक्यास एकेक मोठा आघात होतोच असे नाही, पण दर खेळीस लहान लहान धक्के बसतात आणि ते साचत जातात. 2017 मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान केलेले मेंदू तपासले. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये खेळलेल्या 111 जणांपैकी 110 जणांच्या मेंदूंत झिजेचा एक विशिष्ट रोग सापडला. ज्यांच्या घरच्यांस आधीच शंका होती असेच मेंदू बहुतेक त्यांच्याकडे आले होते, म्हणून हे प्रमाण सर्व खेळाडूंना लावता येत नाही, असे त्या संशोधकांनीच बजावले आहे. तरी मुलाच्या आईने ही गोष्ट ऐकली पाहिजे आणि मुलाने ती आईच्या तोंडून ऐकली पाहिजे.

पूर्वी पैशाच्या ओढीने मुले शिक्षण अर्धे टाकून ड्राफ्टसाठी नाव देत; घरी दारिद्र्य असेल तर त्यांस दोष तरी कसा द्यावा? ती ओढ आता थोडी सैल झाली आहे. जुलै 2021 पासून कॉलेजातील खेळाडूस आपल्या नावावर नि छायाचित्रावर जाहिरातींतून पैसे मिळविण्याची मुभा मिळाली, आणि जुलै 2025 पासून विद्यापीठांनाही खेळाडूंस सरळ पैसे देता येऊ लागले. चांगल्या लाइनमनास आणखी एक वर्ष थांबून पदवी पुरी करणे आता पूर्वीइतके जड नाही.

मुलास शाळा सोडून तीन वर्षे झाली असतील तरच तो ड्राफ्टसाठी पात्र ठरतो. पदवीपूर्वीच नाव द्यावे की नाही असा प्रश्न असेल, तर लीगने त्यासाठीच एक सल्लागार समिती नेमलेली आहे. संघांचे अनुभवी पारखी तिच्यात असतात. कॉलेजच्या प्रशिक्षकामार्फत तिच्याकडे अर्ज करता येतो. समिती मुलाच्या चित्रफिती पाहते आणि लेखी अभिप्राय देते. तो तीनांपैकी एक असतो: पहिल्या फेरीच्या योग्यतेचा, दुसऱ्या फेरीच्या योग्यतेचा, किंवा दोन्ही नाही. ‘दोन्ही नाही’ ह्याचा अर्थ कॉलेजात परत जावे असा धरतात. नाव देण्याची मुदत साधारण जानेवारीच्या मध्यास संपते; म्हणून अर्ज नाताळापूर्वीच गेलेला बरा. अभिप्राय आला की तो कोणा दलालास दाखविण्यापूर्वी घरच्या मंडळींनी एकत्र बसून वाचावा, आणि मुलाच्या प्रशिक्षकास एवढेच विचारावे की दोन गडी अंगावर आले असता चौथ्या भागात हा काय करतो.